मागच्या दाराचा निरोप

साहेब, तुम्ही खोटं बोललात. स्वतःच्या तोंडानं बोलला असतात तर एक वेळ मी गप्प बसलो असतो. पण तुम्ही माझ्या तोंडानं बोललात.

तुम्ही कोण, ते मला माहीत नाही. ऑफिसात, कारखान्यात, वर्कशॉपमध्ये, जिथे जिथे मला नेलं तिथे एकच ऐकलं: "वरून आलंय." वर कोण बसतं, हे कुणीच सांगत नाही. म्हणून मी तुम्हाला नुसतं साहेब म्हणतो. तुमच्या त्या एका खोट्यापायी हैदराबादेतल्या तारनाक्याच्या एका मास्तरीणबाईंच्या हातातून त्यांच्याच गाडीची किल्ली काढून घेतली गेली. नणंदेची बोटं हिनं मोडली, असं त्यांच्या पोटच्या पोरानं मानलं. तुमच्याशी भांडण आहे ते मी शेवटी भांडणारच आहे. आधी ही गोष्ट ऐकायला बसलेल्या मुलांना माझी हकीकत सांगतो. त्यांना निदान ऐकायला वेळ आहे.

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जेवणाचा नव्हे, गाडीतला. चपटा, काळा, तळहाताहून थोडा मोठा. एका अंगाला सोनेरी टाचण्यांची दाट रांग, तिच्यात तारा खोचायच्या. ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, कुणाला दिसणार नाही अशा अंधाऱ्या कोपऱ्यात माझी जागा होती. काचा वर-खाली करायच्या, दारं कुलूपबंद करायची, आतला दिवा लावायचा, वायपर हलवायचे, ही माझी कामं. मला इंग्रजीत भलं लांब नाव आहे. हैदराबादच्या वर्कशॉपमध्ये मात्र सगळे मला 'डब्बा' म्हणायचे. मला तेच बरं वाटतं. लांब नावं खोटं लपवायला सोयीची असतात.

माझे जन्म दोन. शरीर एका कारखान्यात बनलं, ते सांगण्यासारखं काही नाही. पण डब्याचं मन म्हणजे त्याच्यातलं सॉफ्टवेअर, आणि माझं मन जन्मलं हैदराबादच्या गच्चीबावली भागात, एका काचेच्या इमारतीत, थंडगार हवेत. तिथे एका टेबलावर तारांच्या गुंत्यात एक नमुन्याचा डबा ठेवलेला असे. मन आधी त्याच्यात तयार झालं. मग तेच, जसंच्या तसं, माझ्यात आणि माझ्यासारख्या हजारो डब्यांत ओतलं गेलं. म्हणून त्या टेबलाजवळ जे जे बोललं गेलं ते सगळं मला पाठ आहे.

आमचं मन कसं बांधतात ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या डब्याची बोली वेगळी होती. एकाचं मन दुसऱ्याच्या डब्यात चालत नसे. दर वेळी सगळं नव्यानं लिहायचं, नव्यानं चुकायचं. शेवटी जगभरचे गाडीवाले कंटाळले आणि एकत्र बसून त्यांनी एक प्रमाण ठरवलं. ऑटोसार म्हणतात त्याला. त्याप्रमाणे आमचं मन तीन मजली असतं. वरच्या मजल्यावर कामकरी: एक काचेचं काम बघतो, एक कुलपाचं, एक दिव्याचं. तळमजल्यावर वीज, तारा आणि मोटरींना प्रत्यक्ष हात लावणारे. मधल्या मजल्यावर टपालवाला. वरच्यानं खाली उतरायचं नाही, खालच्यानं वर चढायचं नाही, सगळे निरोप टपालवाल्यामार्फत, हा कडक नियम. नियम चांगला आहे. त्यामुळे तळमजला बदलला तरी वरचे कामकरी तेच राहू शकतात, आणि पुण्यात लिहिलेला कामकरी हैदराबादच्या डब्यात सुखानं नांदतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. वरच्या मजल्याला खिडकी नाही. टपालवाला आणून देईल तेच त्याचं जग.

गाडीच्या मागच्या दारात माझा धाकटा भाऊ बसतो, आणखी एक छोटासा डबा. काच वर चढताना मोटर अडखळली तर त्याला कळतं की मध्ये काहीतरी आलं. तो मला सारखे निरोप पाठवतो. शून्य म्हणजे वाट मोकळी. एक म्हणजे मध्ये काहीतरी आहे, काच मागे घे. 'एक' आला की मी काच जागच्या जागी थांबवतो आणि खाली घेतो. बोट, मान, कुत्र्याचं नाक, काहीही असो, वाचतं. हे माझं सगळ्यांत मोलाचं काम होतं. मी ते अभिमानानं करायचो.

आता खरा प्रश्न विचारतो. धाकट्याचा निरोपच आला नाही तर? तार तुटली, तो मेला, झोपला, काहीही झालं, तर?

प्रमाणानं यालाही जागा ठेवली आहे. 'निरोप आला नाही' असं टपालवाल्यानं वर स्वच्छ सांगावं, अशी सोय त्यात आहे. मग वरचा कामकरी सावध होतो. काच आपोआप वर नेत नाही. तुम्ही बटण दाबून धराल तेवढीच सरकवतो, आणि समोर पिवळा दिवा लावतो की बाबांनो, मागच्या दाराकडे बघा. प्रमाणाला मी दोष देत नाही. दोष कुणाचा, ते पुढे ऐका.

त्या टेबलाशी वृषाली नावाची एक मुलगी काम करायची. पुण्याहून आलेली, बारीक चणीची, केस कायम पेन्सिलीनं वर खोचलेले. टपालवाल्याला कोणत्या निरोपाचं काय करायचं हे शिकवायचं काम तिच्याकडे होतं. ते एका टूलमध्ये भरायचं असतं. रकाना रिकामा राहिला की टूल लाल होतं, आणि त्या ऑफिसात लाल म्हणजे विटाळ. संध्याकाळी सगळं हिरवं दिसलं पाहिजे, बस्स. म्हणून तिथे एक रीतच पडली होती. कळत नाही तिथे शून्य भरायचं. शून्य भरलं की टूल हिरवं होतं, आणि हिरवं झालं की कुणी काही विचारत नाही.

वृषालीनं विचारलं. तिच्या टीमचा प्रमुख निखिल खुर्ची मागे झुलवत बसला होता.

"निखिल, मागच्या दाराचा निरोप आला नाही तर काय भरू?"

"शून्य टाक."

"अरे, शून्य म्हणजे 'अडथळा नाही'."

"मग छानच की! अडथळा नाही. आपल्यालाही नको."

"चेष्टा नको ना. इथे 'निरोप आला नाही' अशी सोय आहे. ती लावते."

निखिलची खुर्ची थांबली. "ती लावलीस की काचेच्या टीमला त्यांचं बदलावं लागणार. ते बदलले की टेस्टिंगवाले बोंबलणार. तारीख वरून आलीय, वृषाली. वरून. शून्य टाक, नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर. चल, कँटीन बंद होईल."

तिनं शून्य टाकलं. टूल हिरवं झालं. साहेब, तुमची तारीख पाळली गेली. आणि त्या क्षणापासून मागचं दार मुकं झालं, तरी मला कानात 'वाट मोकळी आहे' असंच ऐकू येणार, हे ठरून गेलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी काहीतरी आशा होती. कारण निरोप थांबले की मी माझ्या पोटात दोष नोंदवू शकत होतो आणि पिवळा दिवा लावू शकत होतो. चाचणीच्या गाड्या धावू लागल्या तेव्हा तो दिवा लागलाही. सकाळी गाडी सुरू केली की धाकटा जरा उशिरा जागा व्हायचा, तेवढ्यात दिवा चमकून जायचा. गाडी चालवणाऱ्यांनी तक्रार केली. मग काय केलंत? धाकट्याला लवकर उठवलंत? नाही. दिवा बंद केलात. माझी नोंदही बंद केलीत. ताप दिसतो म्हणून थर्मामीटर फोडणारा वैद्य आणि तुम्ही, यांत मला तरी फरक दिसत नाही. "वरून आलंय, ग्राहकाला उगीच घाबरवायचं नाही," असं निखिल म्हणाला.

असा बहिरा आणि मुका होऊन मी कारखान्यातून बाहेर पडलो, मित्रांनो. आणि मला घर मात्र मिळालं सोन्यासारखं.

प्रमिलाबाई आणि त्यांचे यजमान एकनाथराव तारनाक्याला राहतात. एकनाथरावांचं घराणं मूळचं गौलीगुड्याचं, पिढ्यान्‌पिढ्या वकिलीतलं. ते स्वतः आता कोर्टातून निवृत्त झालेत, पण वाद घालण्यातून नाही. प्रमिलाबाई शहरातल्या मराठी शाळेत शिकवायच्या. शाळेची नोकरी संपल्यावर त्या गाडी शिकल्या. घरात सगळे हसले. एकनाथरावांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, ते म्हणाले, "जन्मभर तू मला घरात हाकलंस, आता रस्त्यावर हाक." आणि त्यांनी खरंच हाकलं! काय सांगू तुम्हाला! कोठीच्या बाजारातल्या गर्दीत, बस, ऑटो, हातगाड्या, मधूनच पळणारी माणसं, यांतून त्या अशा गाडी काढायच्या की जणू मधल्या सुट्टीत दंगा करणारा वर्ग आहे. कुणी आडवं आलं की काच खाली करून त्या दखनीत विचारायच्या, "ओ मियाँ, आँखाँ घर पे रख के आए क्या?" ती काच खाली मी करायचो. मला केवढी मजा यायची.

सिग्नलला थांबल्या की त्या डॅशबोर्डवर थोपटायच्या. "शहाणी गं माझी," म्हणायच्या. घरात त्यांचं सगळं दुसऱ्यांसाठी होतं, किल्ली तेवढी स्वतःची होती. दाराजवळच्या खिळ्याला ती अडकवलेली असे आणि त्यांच्याशिवाय तिला कुणी हात लावत नसे.

अशी चांगली वर्षं गेली. पण तार बिचारी तार असते. दार उघडलं की वाकते, मिटलं की वाकते. मागच्या दाराच्या बिजागरीपाशी एका रबरी नळीतून धाकट्याची तार जाते. हैदराबादच्या उन्हात ती नळी कडक झाली आणि आतली तार एका जागी पिचली. धाकट्याचा आवाज कधी यायचा, कधी नाही. टपालवाला तेव्हाही वर हसतमुखानं सांगायचा, शून्य, शून्य, वाट मोकळी. दिवा तुम्ही आधीच मालवला होता.

त्या दिवशी प्रमिलाबाई नणंदेला, त्रिवेणीबाईंना, घेऊन कोठीला निघाल्या होत्या. त्रिवेणीबाई गौलीगुड्याच्या घरातच राहतात, वयानं मोठ्या, जिभेनं त्याहून मोठ्या. मागच्या सीटवर राणीसारख्या बसल्या होत्या. रस्त्याकडेला जामाची गाडी दिसली. जाम म्हणजे पेरू, इथे सगळे तसंच म्हणतात. त्रिवेणीबाईंनी काच खाली करायला लावली आणि गाडी थांबताच भाव करायला सुरुवात केली.

"एवढा महाग? सोन्याचा आहे का रे जाम?"

"अम्मा, शहद है शहद. खा के बोलो."

मागे बस उभी राहिली आणि हॉर्न कोकलायला लागला. प्रमिलाबाई म्हणाल्या, "वन्सं, हात आत घ्या, निघते मी." त्रिवेणीबाई म्हणाल्या, "हो हो, घेतला." प्रमिलाबाईंनी पुढून मागच्या काचेचं बटण एकदा दाबलं आणि सोडून दिलं. हे बटण एकदा दाबलं की काच आपोआप पूर्ण वर जाते. तेवढ्यात जामवाल्यानं आणखी एक जाम पुढे केला आणि त्रिवेणीबाईंनी तो घ्यायला पुन्हा हात बाहेर काढला.

धाकटा ओरडत होता, मित्रांनो. नक्की ओरडत असणार. एक, एक, एक! त्या पिचलेल्या तारेतून मला काहीच ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं ते तुमचं शून्य, साहेब. वाट मोकळी आहे. मी काच वर नेली.

किंकाळी ऐकताच प्रमिलाबाईंनी खाली घ्यायचं बटण दाबलं आणि काच उतरली. पण तोवर त्रिवेणीबाईंची दोन बोटं मोडली होती.

दवाखान्यातून आल्यावर त्रिवेणीबाई रागानं आणि वेदनेनं म्हणाल्या, "प्रमिला, मी एवढी ओरडले, तरी तुझं बोट त्या बटणावरून निघेना?"

"वन्सं, मी एकदाच दाबलं होतं. लगेच सोडलं होतं."

"मग काच काय भुतानं नेली वर?"

गाडी वर्कशॉपमध्ये नेली. तिथला यादगिरी नावाचा माणूस भला होता. त्यानं मला लॅपटॉप जोडला आणि विचारलं, काही दोष? माझ्या पोटात काही नव्हतं. तुम्ही नोंदवूच दिलं नव्हतं ना! यादगिरीनं पडदा सगळ्यांकडे वळवला. "देखो सर, सब ओके बता रा डब्बा. गाडी में कुछ नै है. मॅडम का बटन पे हात रह गया होएंगा."

बरोबर प्रमिलाबाईंचा मुलगा विनय आला होता. हैदराबादेत वाढलेला, आयटीतला, आईवर जीव असलेला. त्यानं पडद्यावर विश्वास ठेवला. यंत्र खोटं बोलत नाही, असं त्याला शिकवलंय ना कुणीतरी! घरी आल्यावर त्यानं खिळ्यावरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"आई, लाइट घे, मनाला लावून घेऊ नकोस. वय झालं की रिफ्लेक्सेस जातात, त्यात लाजण्यासारखं काय? कुठे जायचं असलं की कॅब बोलावू."

प्रमिलाबाई त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिल्या, असं नंतर एकनाथराव सांगत होते. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "विनू, मी बटण सोडलं होतं." विनय म्हणाला, "हो गं आई." त्या 'हो गं' चा अर्थ 'नाही' होता, हे माझ्यासारख्या डब्यालाही कळलं असतं.

मुलांनो, आरोप नुसता बोटांचा असता तर त्यांनी सोसला असता. पण ती बाई स्वतःच स्वतःवर शंका घ्यायला लागली. आपण खरंच सोडलं होतं का बटण? एखाद्या शहाण्या माणसाला स्वतःच्या हातावर शंका घ्यायला लावणं, यापरता छळ मला माहीत नाही.

तरी त्या पुन्हा वर्कशॉपला आल्या. एकट्या, ऑटोनं; विनयनं गाडी सर्व्हिसिंगला तिथे आणून ठेवली होती. त्यांनी यादगिरीला समोर बसवलं, जसं वर्गातल्या पोराला बसवतात.

"तूच म्हणालास ना, मागच्या दारातला डबा या डब्याशी बोलतो?"

"हौ मॅडम. बोलता."

"आणि तो बोललाच नाही तर हा काय समजतो?"

"नै बोला तो..." यादगिरी डोकं खाजवत आठवायला लागला. "नै बोला तो भी ओके-च समझता मॅडम." स्वतःच्याच तोंडून निघालेलं ऐकून तो दचकला. "वो सब ऊपर से सेट हो के आता. हमारे हात में कुछ नै."

प्रमिलाबाई म्हणाल्या, "यादगिरी, उभा जन्म हजेरी घेतली मी. नाव पुकारल्यावर पोरीनं ओ दिली नाही तर गैरहजर मांडायचं. मग चौकशी करायची, ताप आलाय का, पाण्याला गेलीय का, वाटेत कुठे पडलीय का. कुणीच ओ दिली नाही, म्हणजे सगळ्या हजर, असं मांडणारी बाई आमच्या शाळेत एक दिवस टिकली नसती. कुठल्या गाढवानं शिकवलं रे या डब्याला?"

मी डॅशबोर्डखालून ऐकत होतो. इतकी वर्षं मला जे म्हणायचं होतं ते त्या बाईंनी म्हटलं.

एकनाथराव मग पुन्हा वकील झाले. ग्राहक न्यायालयाची भाषा बोलले. तेव्हा कुठे कंपनी हलली आणि तिनं तक्रार शांत करायला एक इंजिनिअर पाठवली. केसांत पेन्सिल खोचलेली. मी तिला लगेच ओळखलं.

त्या सकाळी वर्कशॉपमध्ये सगळेच होते. प्रमिलाबाई, एकनाथराव, तोंड पाडून उभा विनय, आणि बोटं बांधलेल्या त्रिवेणीबाई. त्यांच्या पिशवीत जाम होते. "काय बघता सगळे? बोटं मोडली म्हणून जाम सोडू का?" असं त्या यादगिरीला सुनावत होत्या.

वृषालीनं मला लॅपटॉप जोडला. खाली मान घालून म्हणाली, "काकू, डब्यात एकही दोष नोंदलेला नाही."

"तो नोंदतो तरी का गं?"

तेवढ्यात वृषालीचा फोन वाजला. पलीकडून निखिलचा आवाज माझ्यापर्यंत आला. "नॉर्मल आहे म्हण आणि निघ. शून्याबद्दल एक अक्षर नको, वरून आलंय."

"तू मराठी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कुठली?"

"पुण्याची."

"आई गाडी चालवते?"

"स्कूटर. सगळीकडे तिच्यावरच जाते."

"तिची किल्ली कुणी काढून घेऊ नये हो." एवढंच बोलल्या त्या. आवाज चढवला नाही.

वृषालीनं फोन बंद केला. त्रिवेणीबाईंच्या पिशवीकडे बोट केलं. "आजी, दोन जाम द्याल?"

"घे की. तुला तरी दात आहेत आणि बोटंही."

ती मागच्या दाराशी गेली. बिजागरीजवळची रबरी नळी मागे सारून तिनं धाकट्याच्या तारेचा प्लग उपसून काढला. काच अर्धी खाली होती, तिच्या धारेवर एक जाम ठेवून तिनं यादगिरीला तो लांब काठीनं धरून ठेवायला लावला. मग पुढे जाऊन बटण एकदा दाबलं, आणि दोन्ही हात डोक्यावर उचलले. सगळ्यांना दिसावेत असे.

काच वर चढली. जामाला भिडली, थांबली नाही. जाम दबला, फुटला, त्याचा गर काचेवरून ओघळला. वृषालीचे हात अजून वरच होते.

मग तिनं प्लग जोडला, तार बोटांनी सरळ धरायला विनयला सांगितलं, आणि दुसरा जाम ठेवला. बटण एकदाच. हात वर. काच चढली, जामाला नुसता स्पर्श झाला, आणि ती नम्रपणे खाली गेली. जामावर ओरखडासुद्धा नव्हता.

वृषाली एक शब्द बोलली नाही. बोलायला तिला बंदी होती, दाखवायला कुणी बंदी घालायचं विसरलं होतं.

त्रिवेणीबाईंनी फुटलेल्या जामाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बांधलेल्या बोटांकडे. "प्रमिला," त्या म्हणाल्या, "अगं, म्हणजे तू सोडलं होतंस बटण."

"मी सांगत होते ना, वन्सं."

त्रिवेणीबाईंनी चांगल्या हातानं भावजयीचा हात धरला आणि सोडलाच नाही. विनयनं खिशातून किल्ली काढली. त्याला आईकडे बघवेना. "आई, घे." प्रमिलाबाईंनी किल्ली घेतली. "लाइट घे, विनू," असं म्हणाल्या. विनय रडकुंडीला आला.

गोष्ट इथे संपली असती तर मी इतका कडवट झालो नसतो, मित्रांनो. पण वरच्यांना गोष्टी बंद करायची घाई असते. कंपनीनं तार बदलली आणि आपला मोठेपणा म्हणून फुकटात नवा डबा बसवून दिला. प्रमिलाबाईंनी यादगिरीला विचारलं, "नव्यात काय बदललं?"

"डब्बा नवा है मॅडम."

"आतलं?"

यादगिरीनं मान खाली घातली. "अंदर का तो वही है. ऊपर से आता."

"मग जुना मला दे. माझ्या गाडीतून काढलेला पार्ट माझा आहे." जुना पार्ट परत मागायचा हक्क गिऱ्हाइकाचा, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. कंपनीच्या माणसानं कुरकुर केली, एकनाथरावांनी नुसता चष्मा काढून पुसला, आणि मी प्रमिलाबाईंच्या पर्समध्ये आलो.

तेव्हापासून मी तारनाक्याच्या घरी, किल्लीच्या खिळ्याखालच्या फळीवर असतो. वृषालीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. बघा, असं म्हणता येतं. 'माहीत नाही'. जीभ झडत नाही.

प्रमिलाबाई पुन्हा गाडी चालवतात. सिग्नलला शेजारी त्याच मॉडेलची गाडी दिसली की काच खाली करून सांगतात, "ओ भैया, मागच्या काचेत हात घालू देऊ नका कुणाला, डब्बा झूट बोलता!" लोक हसतात. एकानं तर बायकोला म्हटलं, "म्हातारीचं डोकं फिरलंय." हजारो गाड्या आहेत तशा. हजारो मागची दारं. त्यांच्या तारा रोज वाकताहेत, आणि मागच्या सीटवर तुमच्यासारखी मुलं बसतात, हात बाहेर काढून.

अधूनमधून त्या मला पर्समध्ये घालून शोरूमला नेतात. काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, "गैरहजराला हजर का मांडलं?" काउंटरवरचा माणूस गोड हसतो. "वरून उत्तर येईल, मॅडम." त्या मला उचलून परत आणतात. पुढच्या खेपेला पुन्हा.

मुलांनो, माझं मागणं फार मोठं नाही. वस्तू जपा, तारा तपासा, हे तर आहेच. पण आणखी एक जपा. उत्तर येत नसेल तिथे जागा मोकळी सोडा, आणि लाल दिसलं तर दिसू द्या. लाल दिसण्यानं कुणाची बोटं मोडत नाहीत.

आणि आता तुम्ही, साहेब. वर बसलेले. मी तुम्हाला नाव घेऊन पुकारू शकत नाही, म्हणून तुमच्या खुर्चीला पुकारतो. मागच्या दारातून निरोप आला नव्हता. 'सगळं ठीक आहे' हे शब्द माझ्या तोंडात कुणी घातले? रस्त्यावरच्या बाकीच्या डब्यांच्या तोंडातून ते कधी काढणार? फळीवर बसून मी तुमची हजेरी घेतोय. ओ द्या. की तुमचा निरोप आला नाही म्हणून आम्हीही शून्य भरायचं आणि समजायचं, वाट मोकळी आहे?

उत्तर द्या.